कॉम्प्युटर जुंपून बघितला तेव्हा

बैल घ्यायचा असला की आमचा बाप बाजारात आत्याला घेऊन जायचा.

आत्या जनावरांना घाबरायची. शेळी अंगावर आली तरी ओट्यावर चढून बसायची. बाप आधी बैलाचे दात बघायचा, खूर बघायचा, चार पावलं चालवून बघायचा, आणि सगळं मनासारखं झालं की मागे वळून आत्याला म्हणायचा, "लाव हात." आत्या डोळे मिटून, पदराचं टोक दातात धरून बैलाच्या मानेवर हात ठेवायची. बैल उभा राहिला तर सौदा. मान झटकली तर पुढचा. विकणारे हसायचे. बाप म्हणायचा, "माझ्या हातात कुठला पण बैल चालेल. हिच्या हातात चालला पाहिजे. मी तापाने पडलो तर कोण जुंपणार, तू?"

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग मिठागरावर. चौथीतलं जे काय डोक्यात होतं ते मिठाच्या पाण्यात विरघळलं. बापाची ही बैलाची रीत तेवढी राहिली. पण ती वापरायची कुठे? ठाण्याला लागून बाळकुमला आमची भातखाचरं होती तिथे आता इमारती आहेत. बैल गेले, गोठा गेला. चौथ्या मजल्यावरचा एक माणूस परवा मला विचारत होता, आजोबा, तुम्ही इथे नवीन का. मी म्हटलं, हो, तुमच्या मोरीच्या जागी आमची विहीर होती तेव्हापासून नवीन.

तर ही रीत मी एकदाच वापरली, आणि ती कॉम्प्युटरवर. लोक अजून हसतात. हसू देत. काय झालं ते नीट सांगतो, मग हसा.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आमची सून डोंबिवलीची, बी.कॉम. झालेली. लग्नाआधी नौपाड्यात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होती. बाळंतपणानंतर ते काम सुटलं. मग तिच्या डोक्यात आलं की आपल्या पडवीत गावातल्या बायकांना कॉम्प्युटर शिकवायचा. नौपाड्यात तसे क्लास होते, काचेच्या दाराचे, आत थंडगार. आमच्या आळीतल्या दोघीतिघी तिथे गेलेल्या. चपला बाहेर काढल्या, दार ढकललं, आतल्या मुलीने इंग्लिशमध्ये काहीतरी विचारलं, आणि या चपला घालून परत आल्या. त्यानंतर कोणी विषय काढला तर म्हणायच्या, आपलं काम नाय ते.

सुनेने घरोघरी फिरून त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दसऱ्याला सुरुवात. मला फक्त पडवीचं विचारलं. बाकी सगळं सासूसुनांनी आधीच ठरवलेलं, मला सांगायचं तेवढं बाकी ठेवलेलं.

"बाबा, त्या एकदा घाबरून परत गेल्यात," ती म्हणाली. "आता आपल्या पडवीतून पण तशाच गेल्या तर पुन्हा कधी हात लावणार नाहीत. मला एकच वेळ मिळणार आहे."

मी म्हटलं, पडवी घे. पण मशीन घ्यायला मी येणार.

नौपाड्यातलं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. दुकानदार चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. पत्र्याच्या खोक्यात एकेक भाग बसवून दाखवत होता. सुनेला सगळं कळत होतं, मी माना डोलवत होतो. शेवटी त्याने खणातून एक चकती काढली. तिच्यावर काळ्या पेनाने काहीतरी खरडलेलं.

"ही कसली?" मी विचारलं.

"काका, हिच्याशिवाय मशीन म्हणजे नुसतं खोकं. हे टाकलं की चालू होतं. सगळ्या दुनियेत हेच चालतं, ते खिडकीचं चित्र येतं ना, तेच."

"हिची पावती?"

"मशीनची देतो की पावती. हिची कसली पावती, सगळ्यांना हीच टाकून देतो."

"म्हणजे चोरीची."

"चोरीची नाही हो काका, कॉपी आहे. ज्याची आहे त्याच्याकडे आहेच की त्याची."

आता मी मिठागरावर राखणीला होतो हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. टोपलीभर मीठ उचलून नेणारा पकडला की हेच बोलायचा, दादा, खाडीतलं पाणी कमी झालं का. मी सांगितलं, पावतीची चकती असेल तर दाखव. त्याने पावतीच्या चकतीची किंमत सांगितली. मी स्टुलावरून उठलो.

रिक्षात सून बोलली नाही. बाळकुम जवळ आल्यावर बाहेर बघतच म्हणाली, "बाबा, ठाण्यात असं कोणी विचारत नाही."

"म्हणून तर मी विचारलं."

"पण दसरा जवळ आलाय."

घरी आल्यावर सासूला सगळं सांगितलं असणार, कारण त्या दिवशी माझ्या आमटीत मीठ नव्हतं. मागितलं तर बायको म्हणाली, "पावती शोधतेय."

रविवारी सुनेचा भाऊ डोंबिवलीहून आला. तो एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होता, आणि बहिणीने त्याला बोलावून घेतलं होतं ते मला समजवायला. पण तो पिशवीतून एक मासिक घेऊन आला. त्या मासिकाबरोबर एक चकती होती, छापील, पाकिटात बंद.

"काका, हे लिनक्स," तो म्हणाला. "खिडकीवाल्याच्या जागी हे टाकता येतं. फुकट आहे आणि चोरीचं नाही. एकच चकती हव्या तेवढ्या मशीनांवर टाका, शेजाऱ्याला द्या, कोणी काही म्हणणार नाही."

"देणारा खुळा हाय का?"

"देणारा एक नाहीये. जगभरची माणसं मिळून बनवतात. ज्याला जे येतं ते तो करतो, आणि ते सगळ्यांचं."

"म्हणजे गावकीसारखं. देऊळ सगळ्यांचं, तळं सगळ्यांचं."

"अगदी तसंच."

"मग त्यांच्यात भांडणं पण असतील."

"भरपूर. रोजची."

तेव्हा माझा विश्वास बसला. भांडणं नाहीत म्हणाला असता तर मी चकती परत दिली असती.

सुनेचा विश्वास बसला नाही. "दादा, हे मी बघितलंय. काळ्या पडद्यावर टाइप करत बसावं लागतं. आमच्या बायका पळून जातील."

"ते जुनं. आता नवशिक्यांसाठी काढलंय हे. चित्रं असतात, माउस चालतो, सगळं तसंच."

"तुला सगळंच सोपं वाटतं. तू कॉलेजात दिवसभर तेच करतोस."

ते दोघं असा वाद घालत बसले, आणि मला आत्या आठवली. सुनेचा भाऊ सोपं म्हणतो, दुकानदार सोपं म्हणतो. ज्याला येतं त्याला सगळंच सोपं. त्यांच्या सांगण्याला काय अर्थ. जिला काहीच येत नाही तिच्या हातात दिलं पाहिजे.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आमची बायको टीव्हीच्या बटणाला हात लावत नसे. फोन वाजला तर आधी डोक्यावर पदर घ्यायची, मग उचलायची, पलीकडे जणू सासरे उभे आहेत.

"उद्या नौपाड्याला यायचं तुला," मी म्हटलं.

तिला बैलाची गोष्ट पाठ होती. लग्न झाल्यापासून ऐकत होती. तिने पोळी तव्यावरच ठेवली आणि बाहेर आली. "मी काय तुमची आत्या हाय? अहो, जनावर तरी जिवंत असतं."

"जिवंत असतं ते लाथ मारतं. हे लाथ मारत नाय. चल."

ती आली, पण लुगडं बदलून, अंबाड्यात गजरा माळून. आपली परीक्षा आहे असं तिला वाटत होतं. मशीनची आहे हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "ते तिथं गेल्यावर कळेल."

दुकानदाराला मी आधी सांगून ठेवलं होतं की दोन्ही जुंपून बघणार, मगच घेणार. तो हसला, पण गिऱ्हाईक सोडवत नव्हतं. त्याच्या टेबलावर त्याचं स्वतःचं खिडकीवालं मशीन होतं. शेजारच्यावर सुनेच्या भावाने आपली चकती टाकली. त्यातच दुपार झाली. तोवर दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं आली आणि आमचा तमाशा बघत थांबली.

पहिलं दुकानदाराचं. "काकी, हे धरा. हळू हलवा. आता हे दाबा." बायकोने माउसवर हात ठेवला, कोंबडी झाकतात तसा. बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिथून काढला तर दुसऱ्या कोपऱ्यात. मग कुठेतरी दाबलं गेलं, मध्येच एक चौकट उघडली आणि टण्ण वाजलं. तिने हात काढून मांडीत घेतला.

"काही नाही काकी, ते विचारतंय तुम्हाला."

"विचारायचं तर ओरडतंय कशाला?"

पुन्हा हात लावायला तयार होईना. दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी बापासारखा चेहरा करून उभा होतो.

मग दुसरं. सुनेच्या भावाने बटण दाबलं, आणि पडदा काळाकुट्ट झाला. वरून खाली पांढरी अक्षरं धावायला लागली, ओळीमागून ओळ, थांबायचं नाव नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, बिघडलं वाटतं. दुकानदार खूश. सुनेने कपाळावर हात मारला आणि भावाकडे असं बघितलं की तो बिचारा खोक्याच्या मागची वायर तपासायला वाकला.

आमची बायको मात्र सरळ होऊन बसली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले.

"काय करतेस?" मी हळूच विचारलं.

"पोथी वाचतंय. मध्ये बोलू नका. वाचून होऊ दे."

अक्षरं थांबली, आणि मग चित्रं आली, रंगीत, शांत. बायकोने नमस्कार केला आणि स्वतःहून माउस धरला. सुनेच्या भावाने पत्त्यांचा डाव उघडून दिला. आता पत्ते म्हटल्यावर काय सांगावं. गौरी-गणपतीच्या जागरणाला आमच्या आळीत हिच्यासमोर बसायला पुरुष घाबरतात. लालवर काळं लावायचं एवढं त्याने सांगितलं आणि हिने लावलं. एक पान, दुसरं पान. बाण अजून दारू प्यायल्यासारखा जात होता, पण जात होता. मग खाली एका बटणावर दाब पडला आणि सगळा डाव नाहीसा झाला.

"गेलं," दुकानदार म्हणाला.

हिने त्याच्याकडे बघितलं पण नाही. शेजारचं बटण दाबलं. काही नाही. त्याच्या शेजारचं. काही नाही. मग पहिलं दाबलं, आणि पत्ते जिथल्या तिथे.

"चार खोल्या हायत यात," ती मला म्हणाली. "पत्ते पहिल्या खोलीत ऱ्हायले होते." सुनेचा भाऊ म्हणाला, बरोबर, यात एकामागे एक चार पडदे असतात.

मी दुकानदाराला म्हटलं, दोन मशीनं बांध. तुझी चकती नको.

सून रिक्षात बोलली यावेळी. "बाबा, ही काय परीक्षा झाली का? पहिल्या मशीनवर आईंचा हात बसला, म्हणून दुसऱ्यावर जमलं. उलट क्रमाने बसवलं असतं तर निकाल पण उलटा लागला असता."

"बाजारात पण कुठला तरी बैल पहिला असतोच."

"आणि उद्या एखाद्या मुलीला नोकरीला जायचं असेल तर? ऑफिसात ते खिडकीवालंच असतं."

"नोकरीचं मग बघू. आधी दारातून आत येऊ दे."

बायको मधे बसलेली. ती म्हणाली, "दोघं भांडा, पण माझा डाव अर्धा ऱ्हायलाय."

खंडेनवमीला कोयता, फावडं, पाटा आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत आदल्या रात्रीच आलेले दोन कॉम्प्युटर ठेवले. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, म्हणून बायकोने सुनेला हात लावू दिला नाही. सून तडफडत होती, तिला एकदा सगळं तपासून बघायचं होतं. बायको म्हणाली, त्यांना पण एक दिवस सुट्टी हवी.

दसऱ्याला सकाळी बायका आल्या. अर्ध्याजणी टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत चेंगरून आलेल्या, पाय दुखत होते, तरी आल्या. पडवीत चटया टाकलेल्या. सगळ्यात पुढे आमची शेजारीण, मासळी विकणारी. तिचा आवाज असा की खाडीपलीकडून गिऱ्हाईक बोलावेल. ती खुर्चीत बसली, खुर्ची करकरली, पोथी वाचून झाली, चित्रं आली. आमच्या बायकोने सगळ्यांना आधीच समजावून ठेवलं होतं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. मी खांबाला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, बघा.

शेजारीण म्हणाली, "पोरी, माझं नाव लिव की यात. मी बघते कसं दिसतं."

सून थबकली. "मावशी, यात इंग्लिशमध्ये लिहावं लागेल."

"इंग्लिश कशाला? माझं नाव इंग्लिश हाय?"

"मराठी अक्षरं नाहीत यात अजून."

दुकानदाराच्या मशीनवर मराठी अक्षरं टाकून मिळायची. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्यावर व्हायचं. ते सुनेला माहीत होतं. या लिनक्समध्ये ती नाहीत हे तिलाही आत्ता बसल्यावरच कळलं, कारण आदल्या दिवशी मशीनला सुट्टी होती. आणि मी विचारलं नव्हतं. मी मान तपासली होती. बैल गरीब होता, उभा राहत होता, पण त्याला आमची हाक कळत नव्हती.

मागच्या चटईवर एकीने पदर सारखा केला. दुसरीने पिशवी जवळ ओढली. शेजारीण खुर्चीतून अर्धी उठली. "ऱ्हाऊ दे पोरी, तुझा दोष नाय. आपलं काम नाय ते."

सुनेचा चेहरा मी बघितला. नको होता बघायला. ती रडेल असं वाटलं, आणि ती माझ्याकडे बघेल असं पण वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, माउस घेतला, दोनतीन ठिकाणी दाबलं, आणि पडद्यावर एक पांढरा चौकोन उघडला. बाजूला रंगांच्या वड्या.

"मावशी, लग्नात चौक कोण काढतं?"

"कोण म्हणजे? गावातला कुठला चौक माझ्याशिवाय झालाय?"

"तांदळाच्या पिठाने काढता तसा इथे काढा. हे दाबून धरायचं आणि ओढायचं. पीठ संपत नाही यातलं."

शेजारणीने दाबून धरलं आणि ओढलं. रेघ निघाली ती तिरकी पळत गेली आणि कडेला आपटली. बायका हसल्या. "याला कोणीतरी पाजलीय," शेजारीण म्हणाली आणि पुन्हा धरलं. तिसऱ्या खेपेला चार बाजू जुळल्या. मागच्या चटईवरची उठून पुढे आली, तिथे कमळ काढ म्हणाली. दुसरी म्हणाली, तिला काय येतंय कमळ, मला दे. चौक वाकडातिकडा झाला, एका बाजूला फुगलेला, पण चौकच होता. मग त्याच्याखाली शेजारणीने आपलं नाव लिहिलं. हाताने, ओढून, एकेक अक्षर कोंबडीएवढं. शेवटची वेलांटी बाहेर गेली. तिने खुर्ची मागे घेतली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "लिवलं की मराठीत."

त्यानंतर दोन मशीनांवर रांग लागली. जेवायची वेळ झाली तरी कोणी हलेना. आमच्या बायकोने पण लिहिलं. तिला एकच लिहिता येतं, स्वतःची सही. जमिनीच्या कागदांवर अंगठा द्यायचा नाही म्हणून शिकलेली. ती तिने पडद्यावर सरसर काढली, आणि तिची पहिली वेलांटी बाहेर गेली नाही हे शेजारणीला दाखवलं.

मी म्हटलं, "माझं पण काढ."

"तुमचं तुमी काढा."

आता सगळ्या बघत होत्या. मी बसलो. मिठागराचं फावडं धरलेला हात माझा, माउस त्याच्यात दिसेना. दाबून धरलं आणि ओढलं. माउस टेबलाच्या कडेवरून खाली पडला, वायरला लोंबकळायला लागला. वर घेतला, पुन्हा ओढलं. नावाचं पहिलं अक्षर काढायचं होतं, झालं ते खेकड्यासारखं काहीतरी. सून तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. सकाळपासून पहिल्यांदा हसत होती, म्हणून मी काही बोललो नाही.

बायको जवळ आली, खेकडा बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाजारात उगाच मला नेलं. आत्या तर घरातच होती."

तेव्हापासून आळीत मला कोण काय म्हणतं ते मला माहीत आहे. माझ्या हाताला त्या दिवशी फोड आलेला. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितला नाही.

पुढच्या वर्षी दोघीतिघी मुलींना खरंच नोकरीसाठी शिकायचं होतं. तेव्हा सुनेने एका मशीनवर खिडकीवालं टाकलं, पावतीसकट, स्वतःच्या कमाईतून. पावती तिने काचेत लावून पडवीच्या भिंतीवर टांगली, नेमकी माझ्या आरामखुर्चीसमोर. त्याच्यावर मराठी पण आलं. तिने मला विचारलं, बाबा, आता पटलं का. मी म्हटलं, पटायचं काय त्यात, पावती आहे, येऊ दे घरात. पण नवीन बाई आली की तिला आधी लिनक्सवर बसवायची ती, चौक काढायला. ते मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सून पहाटेपासून अस्वस्थ होती. मजा म्हणून एक दिवस कोणीही येतं, ती म्हणत होती, आज कोण येतंय ते खरं. चहा घेऊन ती पडवीत आली, आणि पायरीवर शेजारीण बसलेली. मासळीची पाटी शेजारी, रिकामी. सगळा माल लवकर काढून आली होती. हात लिंबाने धुतलेले, वास आम्हाला इथवर आला.

"पोथी लाव लवकर," ती सुनेला म्हणाली. "ती वेलांटी काल बाहेर गेली माझी."

सुनेने कप माझ्या हातात दिला आणि आत गेली. चहा तिचा होता, पण मी प्यायलो.

आणि माझं नाव? ते आलं. सरळ आलं, वेलांटीसकट. पडवी रिकामी असताना आलं, एवढंच सांगतो.